इरिटेशन घेऊन जा गे मारबत!

आमच्या घरात आता कोणालाही वैताग येत नाही. राग येत नाही, चीड येत नाही, साधा कंटाळासुद्धा येत नाही. आम्ही सगळे संतपदाला पोचलो, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. आम्हाला आता फक्त ‘इरिटेट’ होतं.

हा शब्द घरात आणला ऋचानं, म्हणजे आमच्या एकुलत्या एक लेकीनं. ती हैदराबादला नोकरीला गेली आणि पहिल्या दिवाळीला येताना फराळाचा रिकामा डबा आणि हा शब्द, असं दोनच सामान घेऊन आली. नेट अडकलं, इरिटेट. ऊन तापलं, इरिटेट. चहा गरम आहे, पोळी गार आहे, मैत्रिणीचं लग्न ठरलं, मैत्रिणीचं लग्न मोडलं, सगळ्या रोगांवर एकच गोळी! मग वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, लागण झाली. एके सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, “माय वं! भल्लं इरिटेट करून राहिलं हे दूध!” दूध, लक्षात घ्या. दूध माणसाला इरिटेट करत होतं. त्याच आठवड्यात दारावरचा भाजीवाला वैशालीला म्हणाला, “घ्याचं तं घ्या, पण घासाघीस करून इरिटेट नका करू ना बाई.” तेव्हा मी ओळखलं, की पाणी डोक्यावरून गेलं आहे.

मी कळमेश्वरला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथं नट वेगळ्या खान्यात, बोल्ट वेगळ्या खान्यात, वायसर तिसऱ्या खान्यात. सगळं एकाच खान्यात कोंबलेलं दिसलं की मला रात्री जेवण जात नाही. शब्दांचंही तसंच आहे. दूध उतू गेलं की माणूस करतो तो त्रागा. डास कानाशी गुणगुणला की येतो तो वैताग. तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकावी लागली की ती कटकट. ती लहान मुलानं केली तर पिरपिर, म्हाताऱ्यानं केली तर कुरकुर आणि बायकोनं केली तर प्रेमळ सूचना (हे वैशाली वाचणार आहे). आणि हे सगळं एकाच दिवशी झालं की नागपुरात माणूस ‘कावते’. इतके सुंदर खाने असताना सगळा माल एका इंग्रजी पोत्यात कशासाठी भरायचा? हे मी घरी समजावून सांगत असे. रोज सांगत असे.

एकदा ऋचानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाबा, तुम्ही हे सांगता ना, तेव्हा मला नेमकं काय होते, माहीत आहे?”

“काय?” मी मोठ्या आशेनं विचारलं.

“इरिटेट.”

मी ठरवलं, की हा शब्द जाळायचा. खरोखरचा जाळायचा. नागपूरच्या माणसाला याची सोय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. तिकडं इतवारीत मोठमोठ्या मारबती, म्हणजे बाईच्या रूपातले पुतळे, आणि त्यांच्यामागून बडगे. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्यानं छळलं त्याचा पुतळा. ढोल वाजवायचे, “इडा पिडा घेऊन जा गे मारबत!” म्हणून बोंबलायचं, पुतळ्याला चपला मारायच्या आणि वेशीबाहेर नेऊन तो पेटवायचा. गर्दी झेपत नाही म्हणून आम्ही प्रताप नगरात आमच्या लेआउटपुरता, म्हणजे कॉलनीपुरता, एक घरगुती बडग्या काढतो. त्याचे सर्वेसर्वा बंडूभाऊ. लेआउटचे अध्यक्ष तेच, सचिव तेच आणि ढोलही त्यांचाच.

पोळ्याच्या आधी त्यांच्या अंगणात बैठक बसली.

“बोला, यंदा काय जाळाचं?” बंडूभाऊ म्हणाले.

“रस्त्यावरचे खड्डे,” कोणीतरी म्हणालं.

“थे मागच्या साली जाळले. वाढले.”

मी उभा राहिलो. “यंदा ‘इरिटेट’ हा शब्द जाळू.”

“इरिटेट म्हणजे राग ना गा पौनीकर?”

“नाही. रागापेक्षा कमी.”

“मंग काय, कंटाळा?”

“कंटाळ्यापेक्षा जास्त.”

“खाज!” वैशाली मागच्या खुर्चीवरून म्हणाली. “मलमाच्या ट्यूबवर लिहिलं राहते ना, इरिटेशन झाल्यास वापर ताबडतोब थांबवावा.” मग माझ्याकडे बघून, “हे बाकी गोष्टींवर काहून नाही लिहीत, काय माहीत.”

बायकांच्या बाजूनं हशा आणि टाळ्या पडल्या. त्या हशात माझा ठराव मंजूर झाला, हे मात्र खरं.

बंडूभाऊंना एकच शंका होती. “शब्द जाळाचा, ठीक आहे. पण शब्दाले तोंड कुठी राहते?”

“तोंड मी करतो,” मी म्हणालो. (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांची सुरुवात ‘मी करतो’ या दोन शब्दांनी झाली आहे.)

मडकं आणलं, चुना फासला आणि विचारपूर्वक तोंड काढलं. शब्द इंग्रजी, म्हणजे तो शिकलेला दिसला पाहिजे, म्हणून सोनेरी काड्यांचा चष्मा रंगवला. बडग्या म्हटल्यावर मिशी हवीच, म्हणून काजळीनं चांगली झुपकेदार मिशी काढली. बांबूच्या सांगाड्यावर मडकं बसवलं, अंगात भाताचं तणस भरलं. तणस जरा उरलं, ते फेकायचं कुठं, म्हणून पोटात भरलं. काम सुबक झालं होतं. फक्त कपडे तेवढे आयत्या वेळी घालायचे होते.

याच सुमारास ऋचानं आम्हाला सांगितलं, की तिचं आणि तिच्या ऑफिसातल्या सौरभचं जमलं आहे. सौरभचे आईवडील, देवरे पतिपत्नी, नाशिकला राहतात. वडील सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त. मुलगी त्यांना पसंत होती, पण देवरेसाहेबांचं म्हणणं असं, की घर बघितल्याशिवाय, माणसं बघितल्याशिवाय तारीख धरायची नाही. वैशालीनं लगेच पोळ्याचं आमंत्रण दिलं. आधी व्हिडिओ कॉलवर भेट झाली होती, पण त्यात आम्हाला फक्त देवरेसाहेबांचं कपाळ आणि त्यांच्या हॉलचा पंखा दिसला. दोन्ही चांगल्या स्थितीत होते.

ऋचा सुट्टी घेऊन आली आणि तिनं मला गच्चीवर नेलं. “बाबा, एकच मागते. ते लोक आहेत तोवर कोणत्याही शब्दाबद्दल काही बोलू नका. सौरभचे बाबा थोडे तापट आहेत. त्यांचं मन फिरलं तर सौरभ त्यांच्याविरुद्ध जाणार नाही.” तिचे डोळे भरून आले होते. लहानपणी सायकल मागताना यायचे तसे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. बोलणार नाही म्हणून.

पोळ्याच्या संध्याकाळी देवरे पतिपत्नी आले. सौरभला रजा मिळाली नव्हती. दार मी उघडलं. समोर झुपकेदार मिशी, सोनेरी काड्यांचा चष्मा आणि भरलेलं पोट.

“तुम्हाला कुठंतरी पाहिलंय हो साहेब,” मी म्हणालो.

“शक्य आहे,” ते प्रसन्न होऊन म्हणाले. “माझे फोटो पेपरात येत असत.”

जेवणापर्यंत मी आदर्श वागलो. पुरणपोळी झाली, वडे झाले. आग्रह करायला म्हणून मी स्वतः कढीचं पातेलं घेऊन फिरत होतो. देवरेसाहेब पाटावर ऐसपैस बसले होते, अंगात मोतिया रंगाचा सुरेख कुर्ता. वैशालीनं विचारलं, “प्रवास बरा झाला ना जी?”

“कसला बरा!” देवरेसाहेब म्हणाले. “शेजारचा माणूस दिवसभर घोरत होता. फार इरिटेट झालं.”

ऋचानं माझ्याकडे पाहिलं. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी ओठ मिटून घेतले. देवाशप्पथ मिटून घेतले!

“आणि डब्यातली ती गाणी,” देवरेसाहेब पुढं म्हणाले, “तीसुद्धा इतकी इरिटेटिंग...”

“साहेब,” माझ्या तोंडून निघालंच, “घोरण्यानं येतो तो वैताग, पण गाण्यांनी होतो तो...” आणि तो नेमका काय होतो, हे हातवारे करून दाखवताना उजव्या हातात कढीनं भरलेली पळी आहे, हे मी विसरलो.

कढी देवरेसाहेबांच्या छातीवरून पोटापर्यंत ओघळली. देवरेसाहेब सावकाश म्हणाले, “हा कुर्ता सौरभनं माझ्या साठीला घेतला होता.”

वैशालीनं तो कुर्ता जवळजवळ त्यांच्या अंगावरूनच हिसकला आणि मोरीत नेला. साबण लावताच हळद लालभडक झाली, मग पुन्हा पिवळी झाली, पण गेली काही नाही. शेवटी तिनं तो मागच्या दोरीवर टाकला. मला दोरीचं कोणी काही सांगितलं नाही, कारण त्या रात्री घरात माझ्याशी कोणी बोलतच नव्हतं. (हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे, तो नोंदवून ठेवावा.)

सकाळी अजून नीट उजाडलंही नव्हतं, तोच बंडूभाऊ फाटकाशी. “पौनीकर, बडग्याचे कपडे आणा ना लवकर! नागडा उभा आहे गा तो माझ्या अंगणात!”

घर झोपलेलं. वैशालीनं बडग्यासाठी कुठला तरी जुना कुर्ता काढून ठेवला होता, पण तिला उठवून विचारण्याची माझी छाती नव्हती. अर्धवट झोपेतच मागं गेलो. दोरीवर एक कुर्ता होता, छातीपासून पोटापर्यंत पिवळा डाग. असा डागाळलेला कुर्ता या घरात फक्त माझा असू शकतो, हा लग्नापासूनचा अनुभव. काढला, बंडूभाऊंच्या हातात दिला आणि एक काम वेळेवर झालं म्हणून समाधानानं पुन्हा आडवा झालो.

उठलो तो ढोलाच्या आवाजानं. बाहेर आलो तर देवरेसाहेब व्हरांड्यात चहा घेत होते. रात्रीपेक्षा पुष्कळ निवळले होते. मला म्हणाले, “काय हो, ही तुमची मारबत का? ऐकलं होतं, बघितलं नव्हतं कधी.”

मला हायसं वाटलं. मी उत्साहानं सगळी पद्धत सांगितली, यंदाच्या बडग्याची कल्पना माझीच, हे सांगितलं, तोंडही मीच काढलं, हेही सांगितलं. तेवढ्यात कोपऱ्यावरून मिरवणूक वळली. अर्धा लेआउट नाचत होता, पोरं किंचाळत होती, “इरिटेशन घेऊन जा गे मारबत!” आणि सगळ्यांच्या डोक्यावर, बांबूच्या टोकावर, मोतिया कुर्ता घातलेले देवरेसाहेब डोलत येत होते.

चष्मा तोच. मिशी तीच. पोटही तेच, तणसाचं. वर कढीचा डागसुद्धा जागच्या जागी!

मिरवणूक आमच्या फाटकाशी थांबली. बंडूभाऊंना व्हरांड्यातला पाहुणा दिसला आणि त्यांच्यातला यजमान जागा झाला. “अरे थांबा थांबा! पाव्हणे आहेत पौनीकराकडे. पयली चप्पल पाव्हण्यायची! या साहेब, मारा!” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या पायातली चप्पल काढून अदबीनं पुढं केली. मग त्यांनी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. मग बडग्याकडे पाहिलं. मग पुन्हा साहेबांकडे.

“बाप्पा!” ते म्हणाले. ढोल थांबला.

“पौनीकर,” देवरेसाहेबांनी कप खाली ठेवला. “हा मी आहे का?”

“नाही नाही साहेब! हे इरिटेशन आहे!”

“ते कळलं. कुर्ता कोणाचा आहे?”

आयुष्यात प्रथमच मला एकही शब्द सापडेना, ना मराठी, ना इंग्रजी. देवरेसाहेब आत गेले आणि बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. ऋचा दारात उभी होती, पांढरीफटक. ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं, निदान ‘इरिटेट’ तरी म्हणाली असती. आपल्या जिभेपायी आपल्या लेकीचं लग्न मोडतं आहे, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि ते सावरायला माझ्याजवळ ती जीभच तेवढी होती.

याच वेळी देवरेवहिनी न्हाऊन, ओल्या केसांना पंचा गुंडाळून बाहेर आल्या. त्यांनी बडग्या पाहिला. जवळ गेल्या. चष्मा बघितला, मिशी बघितली, पोटाला बोट लावून बघितलं. मग बंडूभाऊंना विचारलं, “याला काय काय घेऊन जायला सांगतात हो?”

“जे जे तरास देते ना वहिनी, थे समदं,” बंडूभाऊ चाचरत म्हणाले.

“काहीही चालतं?”

“हाव. काहीबी.”

वहिनींनी पदर कमरेला खोचला. आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “पहाटे मोठ्यानं पेपर वाचणं, घेऊन जा गे मारबत!”

मग बायकांच्या घोळक्यातून दबक्या आवाजात उत्तर आलं, “घेऊन जा गे मारबत!”

“मी खोलीत बसलेली असताना पंखा बंद करून जाणं, घेऊन जा गे मारबत!”

“घेऊन जा गे मारबत!” आता ढोलही सुरू झाला.

“पाहुण्यांसमोर भाजीत मीठ कमी आहे म्हणणं...”

“घेऊन जा गे मारबत!” ही आरोळी तर गल्लीच्या त्या टोकाला ऐकू गेली. वैशाली सगळ्यांत पुढं होती. समोरच्या घरातल्या काकू, ज्या आरतीलासुद्धा ओठ हलवत नाहीत, त्या झाडू उंचावून नाचत होत्या.

देवरेसाहेब बॅग घेऊन दारात आले होते. ते थक्क होऊन बायकोकडे बघत होते. “मी पेपर मोठ्यानं वाचतो, ते तुला आवडत नाही?”

“लग्नाच्या दुसऱ्या सकाळपासून,” वहिनी धापा टाकत म्हणाल्या.

“मग कधी बोलली का नाहीस?”

“नाशकात मारबत नाही ना!”

साहेबांची मिशी आधी एका बाजूनं हलली. मग दुसऱ्या बाजूनं. आणि मग ते असे खो खो हसायला लागले, की बंडूभाऊंनी धावत जाऊन त्यांची बॅग धरली. हसता हसता डोळे पुसून ते म्हणाले, “ते सगळं ठीक. पण माझा कुर्ता आधी काढा! पोरानं दिलेला आहे.”

कुर्ता निघाला. खाली उरला बांबू आणि तणस. “उघडा बडग्या कसा नेता?” बंडूभाऊ काळजीत पडले. “कोणाचा तरी कुर्ता द्या ना गा.”

परतफेडीची एवढी संधी पुन्हा आली नसती. मी पुढं झालो, अंगातला कुर्ता भर रस्त्यात उतरवला आणि मोठ्या मनानं बडग्याला चढवला. कोणीतरी टाळ्या वाजवेल, असं मला वाटलं होतं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. सगळे एकटक बडग्याकडे बघत होते. वैशालीनं मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाली, “हाव, आता कसा बरोबर दिसून राहिला.”

त्यानंतरची मिरवणूक आमच्या लेआउटच्या इतिहासातली सर्वांत जोरदार मिरवणूक होती. पहिली चप्पल देवरेसाहेबांनी मारली, नेम धरून. दुसरी ऋचानं. ती हसत होती, रडत होती आणि ओरडत होती, “प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगणं, घेऊन जा गे मारबत!” आणि लेआउटमधला झाडून प्रत्येक माणूस तिच्या मागून म्हणत होता. यातल्या काही लोकांशी माझी तोंडओळखसुद्धा नव्हती. तरी मला वाईट वाटलं नाही. लेक हसत होती, मला तेवढं पुरे होतं.

नाल्यापलीकडच्या मोकळ्या मैदानात बडग्या पेटला. बनियनवर उभा राहून मी माझा कुर्ता जळताना बघत होतो. देवरेसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मुलगी पसंत होतीच, घरही पसंत आहे. दिवाळीनंतरची तारीख धरू. तुमच्याबद्दल जरा शंका होती, पण ती पीडा आता तुमच्या डोळ्यांदेखत जळाली.”

मी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणालो, “साहेब, तुम्ही किती नेमका शब्द वापरला! कारण पीडा वेगळी आणि इडा वेगळी. लोक दोन्ही एकाच खान्यात टाकतात, पण मूळ संस्कृतात पाहिलं तर...”

ढोल थांबला. जाळाभोवतीची सगळी माणसं माझ्याकडे वळली. बंडूभाऊंनी काठीनं निखारे सारखे केले आणि अतिशय शांतपणे विचारलं, “पौनीकर, अंगातली बनियन पण देता का?”

दिली. लेकीच्या लग्नापुढं बनियनचं काय!